तारेशिवाय फिरणारी मोटर

माझं अक्षर वाईट आहे, चुकाही असतील, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. आज गिरणीच्या मोटरच्या तापलेल्या वॉर्निशचा वास आला आणि ती दुपार आठवली. नणंदेकडून पैसे उसने घेऊन मी पिठाच्या गिरणीसाठी बेगम बाजारातून जुनी मोटर आणली होती. मिस्त्रीने साफ करायला उघडली, तर आतल्या फिरणाऱ्या भागावर तांब्याची एक तार नाही, मिक्सरच्या मोटरीत करंट पोचवायला असतात तसे कार्बनचे तुकडेही नाहीत, नुसता ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा. "तांबं काढून घेतलं मेल्यांनी!" मी ओरडले. मिस्त्री हसला, "अम्मा, इसमें तार रहताइच नै." बाहेरच्या, न फिरणाऱ्या तारेच्या गुंडाळीत करंट गेला की चुंबकाचा जोर गोल फिरतो आणि पिंजऱ्याला ओढत नेतो, असं म्हणत त्याने मोटर जोडून बटण दाबलं. ज्याला तार लावलेलीच नाही, ते गरगर फिरू लागलं! त्याच मोटरवर दळणं दळून परवा नणंदेचे सगळे पैसे फिटले.