वळणावरच्या तीन खुंट्या

पेठ रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम निघालं तेव्हा, म्हणजे सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, ठेकेदाराकडे ग्रेडर चालवणारा माणूस एकच होता, सिन्नरकडचा रावजी शिरसाट. पसरलेला मुरूम लांबलचक पात्याने ओढून सपाट करायचा, रस्त्याला मधून हलका उंचवटा आणि कडेला उतार द्यायचा, हे काम तो सोळा वर्षं करत होता. साइटवर त्याच्यासाठी वेगळा चहा येई.

मग दुसरा ग्रेडर आला आणि त्याच्यावर गंगाराम गावीत आला. सुरगाण्याकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. कधीकाळी याच ठेकेदाराकडे त्याने खडीच्या पाट्या उचलल्या होत्या. रावजीला ते आठवत होतं, आणि तेच जास्त खुपत होतं.

पहिल्याच आठवड्यात बोरस्ते इंजिनियर गंगारामच्या तुकड्यावर लेव्हल, म्हणजे उंची-उतार मोजायची दुर्बीण, लावून बसले आणि म्हणाले, "रावजी, जरा येऊन बघ. याला दुसरा हात मारावा लागत नाही."

रावजी गेला. वाकून, डोळा जमिनीला लावून पाहिलं. कुठे लाट नव्हती, कुठे खरवड नव्हती. "बरंय," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचं स्वतःच्या कामात लक्ष लागेना. गंगाराम पहिल्या गिअरच्या पुढे जात नसे. पातं तिरकं धरून तो पातळ थर काढी, तेव्हा मुरूम पात्यापुढे पाण्यासारखा गुंडाळत जाई. पुढची चाकं तो कधी आणि किती कलती करतो, हे रावजी आपल्या केबिनमधून चोरून पाही. तसं करून पाहावं असंही वाटे, पण कुणाच्या लक्षात आलं तर? मग तो मुद्दाम वेग वाढवी. वेगाने पातं नाचे आणि रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठत. त्याच लाटा काढायला पुन्हा फेरा.

घरी जेवताना तेच. "नशीब त्याचं, मशीन नवं हाय. माझ्या पात्याचं निम्मं लोखंड झिजलंय."

बायको, वत्सलाबाई, भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, महिना झाला, रोज त्याचंच नाव ऐकतेय. एकदा जेवायला तरी बोलवा त्याला."

रावजी अर्ध्या जेवणावरून उठला.

करंजाळीच्या अलीकडच्या वळणावर काम पोचलं; ते वळण गंगारामकडे होतं. वळणाची बाहेरची कड उंच आणि आतली खाली हवी, नाहीतर भरलेला ट्रक बाहेर फेकला जातो. त्या हिशेबाने खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. दुपारी सगळे सावलीला जेवत असताना रावजीने आतल्या कडेच्या तीन खुंट्या चार-चार बोटं वर उपसल्या. दोरी त्याने पुन्हा नीट ताणून घेतली.

गंगारामने दोरीबरहुकूम एक फेरा मारला आणि मशीन थांबवलं. खाली उतरून कॅनमधलं पाणी त्याने मातीवर ओतलं. पाणी आतल्या कडेकडे जायचं सोडून जागीच थबकलं. तो चालत रावजीकडे आला.

"रावजीभाऊ, त्या खुंट्या वर आल्यात."

"साहेबानं ठोकल्यात. आपण कोण बोलनार? दोरीपरमानं मार."

गंगारामने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांना ओली तांबडी माती होती. तो परत गेला, दोरी सोडली आणि नजरेने, पाणी ओतून ओतून, सगळं वळण बरोबर उताराला आणलं.

संध्याकाळी बोरस्ते तापले. "खुंट्या कुणी हलवल्या?"

रावजीने हात पाठीमागे घेतले.

"मशीन वळवताना माझंच चाक लागलं असंल, साहेब," गंगाराम म्हणाला.

बोरस्त्यांनी चार शब्द सुनावले, मग लेव्हल लावली. उतार बरोबर होता. ते गंगारामच्या पाठीवर थाप मारून गेले.

गंगारामचे आभार मानावेत, हे रावजीला कळत होतं. पण आतून वेगळंच पेटलं होतं. हा माणूस कामात वरचढ, आणि आता मनानेही? त्याने आपल्याला पकडून दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याचा राग तरी करता आला असता. आठवड्याने रावजीने स्वतःच येवल्याच्या साइटवर बदली मागून घेतली. निघताना तो गंगारामला भेटला नाही.

दोन हजार पाचमध्ये, काम सोडल्यावर, एका लग्नासाठी तो वत्सलाबाईबरोबर एसटीने पेठला निघाला. बस करंजाळीच्या त्या वळणाला लागली आणि सहज, हिसका न देता वळली.

"हे वळण तुम्ही केलंय?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नाय. गंगारामनं." मग तो म्हणाला, "मला नसतं जमलं."

वत्सलाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. इतक्या वर्षांनी खरं बोलून मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण छातीत तेच जुनं टोचत होतं, आणि गंगारामच्याच पुढच्या वळणावर तरी बसला हिसका बसावा, याची तो वाट पाहत होता.