तक्रार योग्य मार्गाने यावी

दवाखान्यातला एक किस्सा आठवला की मागे चार उभे राहतात, आणि त्यांतले तीन आठवूनही मला घाम फुटतो! आता म्हणे सरकारी माणसानं वरच्यांविरुद्ध कागद केला तर कायदा पाठीशी असतो. आमच्या पाठीशी भिंत होती, तीही ओल आलेली.

पन्नास-साठच्या दशकातलं सांगते. डहाणूहून तलासरीला जाताना एक सरकारी दवाखाना होता. मी तिथं आया, वसंतराव कंपाउंडर. दोघंही टेंपररी, महिन्याची नोटीस दिली की घरी! डॉक्टर मात्र कायम. पेनिसिलिनच्या बाटल्या ते जेवणाच्या डब्यातून घरी पाठवत, खासगी पेशंटांसाठी. तापानं फणफणलेली पोरं घेऊन आलेल्यांना सांगत, "औषध संपलं."

वसंतरावांना हे बघवेना.

*

त्यांनी तक्रार लिहिली. पण नियम असा, की कागद योग्य मार्गानं जावा, म्हणजे वरिष्ठांच्या हातून. वरिष्ठ कोण? डॉक्टरच! वसंतरावांनी अर्ज त्यांच्याच टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी वाचून शेरा मारला, 'अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही. उपचार सुरू.' आणि खरंच डोकं शांत करायचं मिक्श्चर लिहून दिलं. दिवसातून तीनदा.

ते बनवणारा कंपाउंडर एकच. बिचाऱ्यानं स्वतःच ढवळलं, बाटलीवर स्वतःचं नाव घातलं!

मी विचारलं, "घेणार?"

"घेतो. झोप तरी लागेल."

*

मग निनावी पत्र. डाव्या हातानं लिहिलेलं, वाणगावला जाऊन पोस्टात टाकलेलं. आठ दिवसांत ते वरून डॉक्टरांच्याच टेबलावर आलं, 'चौकशी करून कळवावे'!

डॉक्टर हसले. "वसंतराव, अक्षर बदललंत. पण घडी?"

रोज शंभर पुड्या बांधणारा हात! पत्राची घडी थेट पावडरच्या पुडीची, दोन्ही टोकं एकमेकांत खोचलेली.

तेव्हापासून टपालवाला दिसला की, नोटीस आली समजून, वसंतराव औषधांच्या खोलीत शिरून कडी लावायचे. बायकोनं भांडी बांधून ठेवली, भाताचं पातेलं तेवढं बाहेर.

*

चौकशीला ठाण्याहून साहेब आले. उतरले कुठं? डॉक्टरांच्या घरी! चिंचणीची पापलेटं हाणून जबान्या घ्यायला बसले. शेजारच्या खुर्चीत डॉक्टर.

वसंतराव म्हणाले, "साहेब, हे इथं बसले तर..."

"ज्याच्यावर आरोप, त्याला हजर राहायचा हक्क आहे."

"आणि तक्रार करणाऱ्याला?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. मग म्हणाले, "पाणी प्या."

*

वसंतरावांची नोकरी शेवटी राहिली, बदली तेवढी मोखाड्याला झाली. कशी राहिली, ते ऐका.

डबा रोज मीच पोहोचवत होते. झाकण उघडून बघितलंही होतं. माझ्या जबानीत सगळं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. "बाई, अंगठा."

मी कागद ओढून खणखणीत वाचला, "डब्यात काय असते मला माहीत नाही. कंपाउंडर भांडखोर आहे."

साहेबांचा चेहरा पडला. "तुम्हाला वाचता येतं?"

"बाटल्या पुसता पुसता शिकले. इंग्रजीसुद्धा!"

तो कागद फाटला, दुसरा आला. या वेळी मी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. मी मनात वाचू लागले, तर बाहेरच्या ओटीवरून एक वारली म्हातारी ओरडली, "बाय, मोठ्यानं वाच गो!"

मी आवाज चढवला. डॉक्टर दार लावायला उठले. दारात ओटीवरचे सगळे पेशंट उभे होते.