शिंप्याच्या मुलीचं वाचन

तळेगावाहून रोज गाडीने मी कान्हे गावच्या शाळेत शिकवायला जात असे. ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, त्यामुळे अंगात शहाणपण जरा जास्तच. मूल आधी नीट पाहावं, मग त्याच्याशी बोलावं, मग त्याच्या आईबापांशी. म्हणजे त्याला काय शिकवायचं ते कळतं, असं तिथे सांगितलं होतं. मी ते अगदी वेदवाक्य मानलं.

तिसरीत शिंप्याची मुलगी होती. वाचनात सगळ्यांत पुढे. एक दिवस माझं पुस्तक घरी राहिलं, म्हणून तिच्या मागे उभा राहून तिच्याच पुस्तकात पाहू लागलो आणि चाटच पडलो. मधलं पान फाटून गेलेलं, आणि ही पोरगी तेच पान न अडखळता घडाघडा वाचत होती!

मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं. आधी तिने पुस्तक मिटून मांडीखाली दडवलं. मग म्हणाली, "दुसरी वाचत्यात ते ऐकून पाठ व्हतं, मास्तर. अक्षरं न्हाई येत. पैल्या वर्साला निम्म्या येळा धाकट्याला सांभाळत घरीच व्हते." आणि लगेच, "कुनाला सांगू नका."

मला तर कौतुकच वाटलं. काय कान होता तिचा! रोज तासभर मुळाक्षरं घेतली असती, तर सहा महिन्यांत तिने सगळ्यांना मागे टाकलं असतं. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. वडिलांनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"तीन वर्सं साळंत जाऊन वाचता येत न्हाई व्हय?"

"तसं नाही, भाऊ. मला फक्त सहा महिने द्या."

"तीन वर्सांत न्हाई झालं, ते सा म्हैन्यांत कसं व्हनार? तुमी खरं बोललात, लय उपकार झाले. न्हाईतर आमी आपले पाठवतच बसलो असतो. आता घरीच ऱ्हाऊ दे, शर्टांना काजं करील."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी समजावलं, विनवलं, चिडलोसुद्धा. ते हसून मान हलवत राहिले. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. स्वतःचाच असा संताप आला, पण करणार काय?

चहा तिनेच आणला. कप पुढे ठेवताना हळूच म्हणाली, "मी तुमालाच सांगितलं व्हतं, मास्तर."

तो चहा मी खाली मान घालून शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.