लंडनवाल्या काकांची वही

समोरच्याचं नाव बापासकट आणि गावासकट विचारल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, असा माणूस अख्ख्या मुंबईत एकच, आणि तो नेमका लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. आम्ही त्यांना लंडनवाले काका म्हणतो. तरुणपणी त्यांनी इंग्लंडात आयरिश मजुरांबरोबर इमारतींच्या कामावर विटा वाहिल्या. तिथून परत येताना लोक सेंट, घड्याळं आणत. काकांनी फावड्यावर तळायची विद्या आणली. ते आयरिश लोक म्हणे धुतलेल्या फावड्यावर अंडी तळत. काका गॅलरीत शेगडी मांडून फावड्यावर बांगडे तळतात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. नंतर दोन बांगडे खाल्ले, हेही कबूल करतो.

पण खरा कहर समोर बांधकाम चाललेल्या टॉवरच्या फाटकावर. रोज सकाळी काका वही घेऊन तिथे हजर, कामावर येणाऱ्या प्रत्येक मजुराला अडवायला. "पूरा नाम बोल. बाप का बोल. गाव बोल." कुणी नुसतं 'छोटू' म्हणालं की भडकायचे, "छोटू तेरी माँ ने रखा क्या?" शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, लोक तुम्हाला पोलिसांचा खबरी समजतात. शोभतं का हे?"

काका फावडं घासत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्यात एक आयरिश होता. उंच, म्हणून सगळे इंग्रजीत लंबूच म्हणायचे. चार वर्षं एका खोलीत झोपलो रे आम्ही. परांचीवरून पडला, जागीच गेला. पोलीस विचारतात, नाव काय? कामावर खोटं नाव लावलेलं, तेव्हा बरेच जण तसेच कामाला लागायचे. खरं कुणालाच ठाऊक नाय. मी पण कधी विचारलं नाय. त्याची आई वाट बघत बसली असेल."

मी हादरलो. पुन्हा त्यांना टोकलं नाही.

गेल्या आठवड्यात काका गॅलरीत चक्कर येऊन पडले. हॉस्पिटलात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?" चाळीस वर्षांचा शेजार, आणि मला नाव माहीत नव्हतं! दारावरची पाटी त्यांच्या वारलेल्या भावाची. "लंडनवाले काका," मी पुटपुटलो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला माझीच लाज वाटली.

स्ट्रेचरवरून बारीक आवाज आला, "खिशात वही हाय. पहिलं पान बघ."

पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं, बापासकट, गावासकट. त्याखाली लिहिलं होतं, 'काही झाल्यास कळवावे', आणि पुढे माझं पूर्ण नाव.