आत्याचं टेबल आणि टीव्ही गेमचा खोका

आमची आत्या सव्वीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करून निवृत्त झाली आणि एक टेबल घेऊन भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आली. खिडकीजवळच्या त्या टेबलावर तिची अवजारं, भिंग, स्क्रूंच्या डब्या. बाबांना तिथे कपाट हवं होतं. समोरच्या भिंतीशी त्यांची व्यायामाची सायकल चार वर्षं नुसते टॉवेल वाळवत उभी होती, पण तिला कोणी अडगळ म्हणत नव्हतं.

"रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. टेबल रिकामं कर," बाबा म्हणाले. "आता कोण रेडिओ दुरुस्त करतं?"

आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "रविवारपर्यंत याच टेबलावर कॉम्प्युटर बनवते. चालला, तर टेबल हलणार नाही."

"चालला तर ना!" बाबा हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

माळ्यावर माझा लहानपणीचा टीव्ही गेम पडून होता. आत्याने तो आतून रिकामा केला आणि तळहाताएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड त्यात बसवायला घेतला. मी म्हटलं, "वायरींसाठी मागे भोकं पाडू या."

"खबरदार! बनवणाऱ्याने दिलीत तेवढी भोकं पुरेत."

गेमचे रिमोट जिथे लागायचे तिथे तिने कीबोर्ड आणि माऊस जोडले. चालू-बंद करायला जुनंच बटण. शनिवारी दुपारी तिने ते दाबलं आणि टीव्हीवर अक्षरं उमटली. मी ओरडलेच! दहा मिनिटांनी पडदा काळा. तिथेच माशी शिंकली. बंद खोक्यात बोर्ड भयंकर तापला होता. कॅसेट घालायचं झाकण उघडं ठेवलं, तर वीस मिनिटं चालला.

"पाड की एक मोठं भोक, टेबल वाचेल," बाबा म्हणाले.

"नाही पाडणार."

रविवारी भंगारवाला आला. बाबांनी टेबल उचलायला हात घातला, तशी आत्या तरातरा खाली गेली. हातगाडीवरच्या ढिगातून तिने एक मोडका ॲम्प्लिफायर ओढला आणि त्यातला ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा तुकडा काढून घेतला. "याच्या बदल्यात घरातली जड लोखंडी वस्तू देते. दोन तासांनी ये."

तुकडा बोर्डवर घट्ट बसला. त्याची पाती नेमकी कॅसेटच्या फटीत उभी राहिली आणि आतली उष्णता बाहेर पडू लागली. एक तास झाला, दोन झाले. बाबा दर पाच मिनिटांनी खोक्याला हात लावून बघत होते. पडदा काही काळा होईना.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आत्या म्हणाली.

"ठीक आहे, राहू दे टेबल. पण माझं कपाट कुठे ठेवू?"

तेवढ्यात भंगारवाला परत आला. आत्याने सायकलवरचे टॉवेल काढून बाबांच्या हातात दिले आणि सायकल त्याच्याकडे ढकलली.

"तिथे," ती म्हणाली. "बरोबर बसतं. मी कालच माप घेतलंय."