बाबांचा बिनवायरचा ब्रश

माझं अमरावतीत झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे, आणि माझे बाबा अकोल्याच्या जुन्या शहरातले बोर्ड रंगवणारे पेंटर. म्हणजे आमच्या घरात कोणी कोणाचा धंदा बुडवला हे वेगळं सांगायला नको. बाबांनी ते मला एकदाही बोलून दाखवलं नाही. ते काम आईनं अंगावर घेतलंय, आणि ती ते मन लावून करते.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पुढे पाय काठी घेऊन चालण्याइतका आला, बोलणंही आलं, हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला. ज्या हातानं किराणा दुकानांपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांपर्यंत अख्ख्या गावाची अक्षरं काढली, त्याच्यात चेंडू देणं म्हणजे सरळ अपमान. बाबांनी तो शेजारच्या लेकरांना देऊन टाकला.

मग मी डोकं चालवलं. दुकानातला एक जुना कॉम्प्युटर एसटीच्या डिकीत टाकून अकोल्याला नेला. सोबत माऊस होता, वायरचा. बाबांनी तो उचलून पाहिला, शेपटी धरून लोंबकळवला आणि खाली ठेवला.

"ब्रशले काय वायर असते का वं?"

पुढच्या खेपेला बिनवायरचा माऊस नेला. मी घाईत होते, परतीची गाडी पकडायची होती. कॉम्प्युटरच्या मागे माऊसचा नखाएवढा रिसिव्हर खोचला, माऊसचं बटण चालू केलं आणि सांगितलं, "याले काईच करा लागत नाई बाबा. फक्त हात फिरवा." माझं हेच वाक्य पुढे मला भोवलं.

बाबांना ते जमलं. आधी नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, मग वेलांट्या, मग एका दिवशी अख्खा "अ". आईनं मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी काउंटरवर गिऱ्हाइकासमोर रडले. गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन आलेलं, बिचारं घाबरलं.

त्याच सुमारास माझं दुकान मोठ्या जागेत हलवायचं ठरलं. पाडव्याला मुहूर्त होता. मी बाबांना म्हटलं, बोर्डाची अक्षरं तुम्हीच काढा, मी ती तशीच छापून वर लावते. त्या दिवसापासून बाबांनी दुपारची झोप सोडली. त्यांना तो बोर्ड स्वतःच्या हातानं करायचा होता, आणि तो हात अजून आपलाच आहे हे स्वतःला एकदा दाखवायचं होतं. हे ते कुणाला सांगणार नव्हते, पण मला कळत होतं.

पाडव्याला दहा-बारा दिवस उरले असताना आईचा फोन आला.

"ते बोलून नाई राहिले वं. चार दिवस झाले. जेवतातबी डाव्या हातानं. उजवा हात दुपट्ट्याखाली झाकून बसतात. दवाखान्यात चला म्हटलं त अंगावर आले."

दुसरा झटका, दुसरं काय असणार? दुकान बंद केलं आणि मिळेल ती एसटी धरली. वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात तीन डॉक्टर बदलले.

घरी पोचले तर बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. चेहरा सरळ, बोलणं स्वच्छ. पाय पाहिला, ठीक. हात बाहेर काढा म्हटलं तर म्हणाले, "आता काय पायतं त्याले. गेला तो."

मी रागावले. काळजी वाटली की मला रागच येतो, हा आईकडून आलेला गुण. "काय झालं ते नीट सांगा," म्हणून ओरडले, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं.

बोर्ड पेंटरची एक सवय असते. चार रेघा ओढल्या की शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून अक्षर पाहायचं, कारण गिऱ्हाईक ते तिथूनच वाचणार. बाबांनी इथंही तेच केलं होतं. कॉम्प्युटरचं तोंड दाराकडे वळवून, माऊस आणि तो फिरवायला एक फळी काखेत घेऊन ते गल्लीपलीकडे शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. स्क्रीनवर एकच अक्षर मोठं करून तिथून रेघ ओढायचे. आधी ठीक चाललं. मग रेघ मधेच तुटायला लागली, स्क्रीनवरचा बाण अडखळायचा, उडी मारायचा. बाबांना वाटलं, हात कापतोय. त्यांनी दात-ओठ खाऊन आणखी जोर लावला. आणि एका दुपारी बाण जागचा हललाच नाही. घरात टेबलाशी येऊन पाहिलं, तरी नाही.

ब्रश कधी बंद पडतो का? रेघ उमटली नाही तर दोष हाताचाच. आयुष्यभर त्यांनी हेच मानलं. त्यांनी माऊस जागेवर ठेवला, हात झाकून घेतला, आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही.

मी उठून टेबलापाशी गेले. माऊस हातात घेतला, फिरवला. बाण ढिम्म. बाबा पलंगावरून पाहत होते. त्यांचा चेहरा एकदम पडला.

"तुह्याबी हाताले झालं का वं?"

मला हसू आलं. स्वतःचा हात गेला ते ह्या माणसानं चार दिवस मुकाट्यानं सोसलं होतं, पण माझा गेला म्हटल्यावर ते काठीशिवाय पलंगावरून उठले होते. इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला मी माऊसच्या पोटात सेल असतो हेसुद्धा सांगितलं नव्हतं.

माऊस उलटा केला, झाकण काढलं, सेल बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा मेला बाबा. हात नाई मेला."

भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून आत घातला. घड्याळ थांबलं, बाण सुरसुरत निघाला. मग त्यांना सगळं समजावलं. माऊस त्या नखाएवढ्या रिसिव्हरशी बोलतो, मोकळ्या जागेत चांगला पंचवीस-तीस फूट, पण मधे कॉम्प्युटरचाच डब्बा आला, भिंत आली, सेल उतरला, की त्याचा आवाज पोचत नाही. लांबून हाका मारून मारून सेलही लवकर संपला असणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे ते अडखळणं मायं नोतं?"

"नोतं."

"बाप्पा." एवढंच म्हणाले, आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले. मग आईला हाक मारून चहा मागितला. आईनं चहाआधी मला चार शिव्या दिल्या. त्या माझ्या हक्काच्याच होत्या.

मी रिसिव्हर मागून काढून पुढच्या बाजूला खोचला, म्हणजे ओट्यावरूनही पोचेल. बाबा फळी घेऊन पलीकडे गेले. बोर्डातला एकच शब्द राहिला होता, आणि तो नेमका "फ्लेक्स". ज्यानं त्यांचा धंदा बुडवला तोच शब्द. मी घरातून पाहत होते. त्यांनी तो सावकाश काढला, जणू पाहुण्याचं नाव लिहितायत, कुठेही कुचराई नाही. फक्त "फ"च्या उभ्या काठीत एक बारीक लहर आली. ती मात्र सेलची नव्हती.

ते परत आत येऊन शेजारी बसले. मी न विचारता माऊस घेतला आणि ती काठी निवडली. असल्या रेघा सरळ करणं हे माझं रोजचं काम, एक टिचकी पुरते.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. ते मायं हाये."

त्यांनी उजव्या हातानं धरलं होतं. मनगट चांगलंच दुखत होतं. मी ते सोडवून घेतलं नाही.