सिस्टरने सांगितलेली पुडी

"हेपॅटायटिस आहे. म्हणजे यकृताला सूज आलीय, त्यामुळे ही कावीळ," डॉक्टर म्हणाले. "याला वेगळं औषध नाही. सलाइन, ग्लुकोज आणि आराम. धीर धरावा लागेल."

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. माझे यजमान धुळ्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भरती होते. मी तिथल्याच देवपूर भागातल्या शाळेत शिकवायची. दिवसा त्यांच्याजवळ माझ्या सासूबाई थांबायच्या. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. शाळा सुटली की मी जायची.

पहिले काही दिवस बरे गेले. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळेपणा, थोडा उतरला. मग अचानक जुलाब सुरू झाले. यजमान ग्लानीत गेले. हाक मारली तर डोळे उघडायचे, पण मला ओळखायचे नाहीत.

डॉक्टरांनी तपासलं. "हेपॅटिक कोमाची सुरुवात असू शकते. यकृत काम सोडतंय. मुंबईला न्यायची तयारी ठेवा."

तेव्हा वॉर्डच्या मोठ्या सिस्टर त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. मान खाली घालून नाडी मोजत होत्या.

मुंबईला कोणाकडे उतरायचं, कोणाला सोबत न्यायचं, या विचारात मी बाकावर बसले होते. तेवढ्यात धाकट्या सिस्टर ताप बघायला आल्या. त्या अक्कांजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अक्का, घरनं काही औषध दिधं का? सांगा. मी काही बोलत नही."

अक्का रडायला लागल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी पुडी काढली. पारोळ्याजवळच्या एका वैदूकडची. दोन दिवस ताकातून देत होत्या.

"मोठी सिस्टरनीच सांगं," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरले सांगू नका, घर धाडी देतीन, आसं बी तिनीच सांगं."

धाकट्या सिस्टर पुडी घेऊन तडक डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सगळे उपचार बदलले. पुडी जुलाबाची होती. शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेले होते, म्हणून ही ग्लानी. मुंबईचा बेत थांबला. पण ते अक्कांवर केवढे ओरडले. "तुम्ही अडाणी लोक स्वतःच्या हाताने पेशंट मारता."

मोठ्या सिस्टर तेव्हाही मान खाली घालून तक्ता भरत होत्या.

मी म्हणाले, "डॉक्टर, ही पुडी या वॉर्डातून सुचवली गेली. सिस्टर समोर आहेत, विचारा."

डॉक्टरांनी विचारलं नाही. ते पुढच्या खाटेकडे गेले.

नंतर मी मोठ्या सिस्टरना गाठलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या भावाला त्याच औषधाने गुण आला होता, बाई. तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. माझं नाव पुढे करू नका."

त्यांचा विश्वास खोटा नव्हता, हे मला पटलं. म्हणूनच जास्त संताप आला. एवढा विश्वास होता, तर डॉक्टरांसमोर का नाही बोललात? माणूस ग्लानीत जाताना नाडी तुमच्याच हातात होती. पांढऱ्या गणवेशातल्या बाईने सांगितलं म्हणून अक्कांनी ऐकलं. वैदूच्या शब्दावर त्या गेल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमानांनी मला नावाने हाक मारली.

घरी सोडण्याआधी मी तक्रार दिली. तिचं फळ एवढंच, की वॉर्डच्या दारावर पाटी लागली. बाहेरचं औषध देणाऱ्यांच्या पेशंटला घरी पाठवण्यात येईल. म्हणजे गुन्हेगार पुन्हा अक्काच. आता तर कोणीच खरं सांगणार नाही.

यजमान बरे झाले, त्याचं श्रेय मी त्या धाकट्या सिस्टरना देते. त्यांचा अशा औषधांवर विश्वास होता की नव्हता, मला ठाऊक नाही. त्यांनी फक्त विचारलं, आणि उत्तर ऐकून घेतलं.

तुमच्या घरी कोणी आजारी पडलं आणि झाडपाल्याचं काही दिलंत, तर डॉक्टरांना सांगा. ओरडले तर ओरडू द्या. अक्का आता कुठल्याही दवाखान्यात गेल्या की खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकतात, आणि डॉक्टर लिहून घेईपर्यंत उठत नाहीत.